सिनेमा येण्याआधी एक वही घे

प्रिय,

तुझा मेल काल रात्री पावणेबाराला आला, मी तो सकाळी चहाबरोबर वाचला. पाऊण मिनिटाचा टीझर आणि त्यावर तुझी चार पानं! नायिकेच्या केसांचा रंग चुकलाय, किल्ल्याला तीनच बुरूज आहेत, आणि तुझा आवडता म्हातारा जादूगार त्यात कुठेच दिसत नाही. शेवटी विचारलंयस, ‘काका, पहिल्या दिवशी पहिला शो बघू की बहिष्कार टाकू?’

तुझ्या त्या कादंबरीबद्दल मी बोलणार नाही. तिचा पहिलाच भाग वाचलाय, तोही तू डोकं खाल्लंस म्हणून. पण वाट बघण्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या तीन खंडांच्या कादंबरीवरच्या सिनेमाची मी तीन वर्षं वाट पाहिली, आणि ती बऱ्यापैकी चुकीच्या पद्धतीने पाहिली.

1998च्या ऑगस्टमध्ये बातमी फुटली की न्यूझीलंडचा पीटर जॅक्सन नावाचा दिग्दर्शक न्यू लाइन या स्टुडिओसाठी यावर सिनेमे करतोय. एक नव्हे, तीन. आधीच्या स्टुडिओला सगळं एकाच सिनेमात कोंबायचं होतं. जॅक्सन दोन सिनेमांचा प्रस्ताव घेऊन न्यू लाइनकडे गेला, तर तिथल्या बॉब शे यांनी विचारलं की पुस्तकं तीन असताना सिनेमे दोन का. जॅक्सनचं नाव आम्हाला भयपटांमुळे माहीत होतं, तेही रक्ताच्या चिळकांड्या उडणाऱ्या. आमच्या पुण्यातल्या पाचसहा जणांच्या टोळक्यात त्या दिवशी सुतकच होतं.

आम्ही घाबरण्याला कारण होतं. 1978 साली राल्फ बक्शीने यावर कार्टूनपट काढला होता. तो कथेच्या साधारण मध्यावर येऊन थांबतो आणि दुसरा भाग कधी आलाच नाही. त्याआधी जॉन बूरमनने एक पटकथा केली होती, ती कागदावरच राहिली. आणि त्याच्याही आधीची गोष्ट तर खुद्द टॉल्किनची आहे. 1957 साली काही अमेरिकन मंडळी त्याच्याकडे कार्टूनपटाचा प्रस्ताव घेऊन गेली. प्रकाशकाशी त्याचं साधं धोरण ठरलेलं होतं: एकतर भरपूर पैसे द्या, नाहीतर कथेवर माझा शब्द शेवटचा. पुढच्या वर्षी त्यांचा आराखडा हातात पडला तेव्हा म्हाताऱ्याने एखादा चिडका मास्तर वही तपासतो तसा तो एका पत्रात तपासला. गरुड जागोजागी टॅक्सीसारखे येतात म्हणून ओरडा. एल्फ लोकांच्या त्या लेंबास भाकरीला ‘घट्ट केलेलं अन्न’ असं काहीतरी नाव दिलं म्हणून ओरडा. वेदरटॉपच्या डोंगरावर स्ट्रायडर, म्हणजेच भटक्याच्या वेषातला अ‍ॅरागॉर्न, तलवार उपसतो, त्यावर तर जास्तच, कारण पुस्तकात त्याची तलवार मोडलेली आहे.

ते पत्र मी चाहत्यांचा आद्यग्रंथ मानतो. तू जे चार पानांत केलंस तेच तो करत होता. फरक एवढाच की त्याच्यासमोर अख्खा आराखडा होता आणि तुझ्यासमोर पाऊण मिनिट.

गंमत म्हणजे जॅक्सनच्या सिनेमात वेदरटॉपवर स्ट्रायडर एका हातात पेटतं लाकूड आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊनच उडी मारतो. टॉल्किनने नाकारलेलं तिथे आलं, आणि आम्ही थिएटरात शिट्ट्या वाजवल्या.

7 एप्रिल 2000 रोजी पहिली झलक इंटरनेटवर आली. पहिल्या चोवीस तासांत ती 17 लाख वेळा उतरवून घेतली गेली, आणि तेव्हा तो आकडा अफाट होता. त्यातला एक मी. सायबर कॅफेत तासाला चाळीस रुपये मोजून मॉडेमच्या कुरकुरीकडे कान लावून बसलो होतो. ते चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं. तिसऱ्यांदा लाइन तुटली तेव्हा मालकाने पैसे घ्यायचं बंद केलं आणि स्वतःच शेजारी येऊन बसला. आज तू एकेक फ्रेम थांबवून बुरूज मोजतेस. आम्हाला बुरूज दिसलेच नव्हते, म्हणून आम्ही ते मनाने बांधले.

मग अफवांचं पेव फुटलं. गँडाल्फ या जादूगाराचं काम करणारा इयन मॅकेलन स्वतःच्या संकेतस्थळावर शूटिंगची रोजनिशी लिहायचा, तेवढाच खात्रीचा झरा. बाकी सगळं ऐकीव. त्यातली एक बातमी आमच्या जिव्हारी लागली: ग्लोरफिंडेलला काढलंय, त्याच्या जागी आर्वेन ही एल्फ तरुणी घोड्यावरून फ्रोडोला, म्हणजे ती अंगठी जवळ असलेल्या कथानायकाला, नदीपार नेणार. ग्लोरफिंडेल हे पुस्तकातलं छोटं पण तेजस्वी पात्र, आणि मी त्याचा स्वयंघोषित वकील. महिनाभर भांडलो. आर्वेन पुस्तकात दोनचार पानांपुरती येते, तिला कशाला घोड्यावर बसवता? ही हॉलिवूडची प्रेमप्रकरणाची खाज, वगैरे. एका मित्राशी तर दोन महिने बोलणं बंद होतं, कारण तो म्हणाला, ‘अरे, बाईला जरा काम मिळालं तर तुझं काय जातं?’

सिनेमा पाहिला. नदीचा प्रसंग आला, आर्वेन घोडा उधळत आली, आणि खरं सांगतो, मला ग्लोरफिंडेलची आठवणही झाली नाही. पण घरी जाताना स्कूटरवर काहीतरी बोचत होतं. रात्री पुस्तक काढून ते पान वाचलं तेव्हा कळलं. पुस्तकात नदीच्या पलीकडच्या काठावर फ्रोडो एकटा असतो. जखमी, तापाने फणफणलेला, घोड्यावर धड बसता येत नाही, आणि तरी तो वळून अंगठीच्या मागावरच्या त्या नऊ काळ्या स्वारांना सांगतो की अंगठीही मिळणार नाही आणि मीही नाही. सिनेमात ते आव्हान आर्वेन देते आणि फ्रोडो तिच्यापुढे गाठोड्यासारखा पडलेला असतो. माझं गेलं होतं ते हे. मी ग्लोरफिंडेलच्या नावाने टाहो फोडला आणि खरी चोरी भलत्याच खोलीत झाली. कुठल्याही बातमीत, कुठल्याही झलकीत ती दिसणं शक्य नव्हतं.

उलटही झालं. अंगठीच्या मोहात पडणारा योद्धा बोरोमीर मला पुस्तकात कधी आवडला नव्हता. त्याची शेवटची लढाई पुस्तकात आपल्याला दिसतच नाही. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला अ‍ॅरागॉर्न पोचतो तेव्हा तो बाण लागून झाडाला टेकलेला असतो. जॅक्सनने ती लढाई पहिल्या सिनेमाच्या शेवटी आणून ठेवली आणि शॉन बीनने बोरोमीरला असा उभा केला की मी पुस्तक पुन्हा वाचताना त्याच्या प्रत्येक वाक्यापाशी थबकलो. कंजूष वाटणारा मामा मेल्यावर त्याने किती जणांच्या फिया भरल्या ते कळावं, तसं झालं.

म्हणून केसांच्या रंगावर आत्ता भांडू नकोस. रंग चुकणं कधीच महत्त्वाचं नसतं असं मात्र म्हणत नाही. लेखिका अर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ कादंबऱ्यांतला नायक गेड हा तांबूस तपकिरी कातडीचा, आणि तो तसा असणं हा तिचा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. 2004 साली अमेरिकेत टीव्हीवर त्याची मालिका आली तेव्हा तो गोरा करून टाकला. ती संतापली, जाहीर लिहिलं, आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं. तिथे रंग हाडात होता. तुझ्या नायिकेचे केस हाडात आहेत की नुसते डोक्यावर, हे तूच ठरव. तू पुस्तक सहा वेळा वाचलंयस, मी नाही.

आणि शेवट कापला तर? तेही होतं. 2007चा ‘गोल्डन कंपास’ हा कादंबरीवरचा सिनेमा आठव. पुस्तकाचा काळजाला हात घालणारा शेवट चित्रित झाला होता, पण पुढच्या भागाच्या सुरुवातीला वापरू म्हणून ऐनवेळी कापला. पुढचा भाग आलाच नाही. ज्यांनी सिनेमाच पाहिला त्यांना ती गोष्ट गोड वाटते. पुस्तक वाचलेल्यांना त्या गोडीची चीड येते. चाहत्यांची अशी चीड मला पटते.

चाहत्यांचा आरडाओरडा कधी ऐकलाही जातो, हेही सांगायला हवं. दुसऱ्या सिनेमात आर्वेनला हेल्म्स डीपच्या लढाईत तलवार घेऊन उतरवलं होतं, तसं चित्रीकरणही झालं होतं. बातमी बाहेर आली, गदारोळ झाला, आणि बनवणाऱ्यांनी ते काढून टाकलं. मला वाटतं बरं झालं, पण आमचा वर्गातल्या पोरांसारखा गोंगाट आठवला की लाजही वाटते. त्या वेळी तिकडे लोक प्लास्टिकच्या नळ्या कापून, कडी कडी हाताने अडकवून चिलखतं विणत होते. फ्रोडोच्या हॉबिटन गावातल्या बागा शूटिंगच्या वर्षभर आधी लावल्या होत्या, झाडं कालपरवा खोचल्यासारखी दिसू नयेत म्हणून. तिन्ही सिनेमे एका दमात, 274 दिवसांत चित्रित झाले. पहिला पडला असता तर स्टुडिओचं काही खरं नव्हतं. आपल्याला न आवडणारी निवड करणारा माणूस आळशी किंवा चोर असतोच असं नाही. शिव्या देण्याआधी एवढं लक्षात ठेव.

आता वहीचं. हे मी खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा इंग्लंड पाहिलं नव्हतं, न्यूझीलंड तर नकाशातही शोधावं लागायचं. तेव्हा फ्रोडोचा मुलूख शायर म्हणजे माझं वाईजवळचं आजोळ होतं. जमिनीतलं घर म्हटल्यावर मला आजीच्या अंगणातलं धान्याचं पेव आठवलं, म्हणून फ्रोडोचा म्हातारा नातलग बिल्बो याच्या जमिनीतल्या घरात मला कायम ज्वारीचा वास यायचा. मोरिया या भुयारी नगरीतलं खांबांचं दालन म्हणजे कार्ल्याचं लेणं, फक्त न संपणारं. काळे स्वार घोंगडी पांघरून पसरणीच्या घाटातून उतरायचे. माझा फ्रोडो पन्नाशीचा, जरा पोट सुटलेला गृहस्थ होता. (अंगठीमुळे तो तरुणच दिसायचा असं पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, ते मी सोयीस्करपणे विसरलो होतो.) सिनेमात एलायजा वूड आला, शूटिंग सुरू झालं तेव्हा जेमतेम अठराचा, निळ्या डोळ्यांचा. एका दुपारी तीन तासांत माझा फ्रोडो पुसला गेला. त्याला मी परत कधी पाहिलं नाही. पुढे मुग्धा कर्णिकांचा मराठी अनुवाद, ‘स्वामी मुद्रिकांचा’, हातात आला तेव्हा आशा वाटली की भाषा बदलल्यावर चेहरेही बदलतील. नाही बदलले. माणसं मराठीत बोलत होती आणि चेहरे सिनेमातलेच.

आजोळ, पेव, लेणं ही ठिकाणं तेवढी आठवतात, कारण ती खरी होती. माझ्या स्ट्रायडरचा चेहरा कसा होता? माहीत नाही. पंधरा वर्षं तो माझ्या डोक्यात चालत होता आणि मी त्याच्याबद्दल एक ओळ लिहून ठेवली नाही.

म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आण. फोनवर नको, तिथे लिहिलेलं तू कुणाला तरी पाठवशील आणि मग वाद सुरू होईल. रोज एक पात्र, एक जागा. चित्र येत असेल तर काढ, नसेल येत तरी काढ. तुझ्या नायिकेचा आवाज कुणासारखा आहे? शाळेतल्या कुठल्या बाईंसारखा? किल्ला तुझ्या डोक्यात कुठून आला? तू लहानपणी जंजिरा पाहिलायस, मला आठवतंय, येताना होडीत ओकली होतीस. तो समुद्र त्या किल्ल्याखाली आहे का बघ. ट्रेलर येण्याआधी हे कर, कारण खरे चेहरे ट्रेलरमध्येच घुसतात.

मग सिनेमा बघ. पहिला दिवस, पहिला शो, हो. बहिष्कार कसला टाकतेस? तुला झोप येणार आहे का? पण मित्रांच्या घोळक्यात जाऊ नकोस, एकटी जा किंवा ज्याने पुस्तक वाचलेलंच नाही अशा कुणाला घेऊन जा. तुझ्या आईला ने. ती मध्यंतरात काय विचारते ते ऐक. गोष्ट पडद्यावर उभी राहिली की नाही ते तिच्या प्रश्नावरून कळेल. आणि त्या रात्री काही लिहू नकोस, कुणाला काही पाठवू नकोस. बोचणारी गोष्ट कुठली हे कळायला मला स्कूटरवरचा अर्धा तास आणि पुस्तकाचं एक पान लागलं होतं.

तुझा तो म्हातारा जादूगार सिनेमात नाहीच असं कळलं तर मला फोन कर, पण रडायला नको. आमच्या वेळी टॉम बॉम्बॅडिलला काढलं होतं. निळा कोट, पिवळे बूट, टोपीत पीस, जंगलात गाणी म्हणत फिरणारा तो अगम्य म्हातारा. 2001 साली त्याच्यासाठी मी जॅक्सनला काय काय बोललो ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. आज त्या सगळ्या पुस्तकातला तेवढा एकच माणूस माझ्याकडे जसाच्या तसा उरलाय. तो आजोबांच्या मळ्यातल्या गड्यासारखा दिसतो, तंबाखू मळत हसतो, आणि त्याचं गाणं मला ऐकू येतं, ते भलरीच्या चालीवर आहे.

2024 साली टीव्हीवरच्या मालिकेत त्यालाही आणलं म्हणे. मी तो भाग पाहिलेला नाही. माझ्यासमोर लावू नकोस.

तुझा,
काका

ता. क. : दुसरा भाग पाठव वाचायला. नायिकेचे केस कुठल्या रंगाचे ते सांगू नकोस.