एनडीटीचा कोर्स की मेटलर्जीची डिग्री?

परळीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून बॉयलर ओव्हरहॉलच्या ठेकेदाराकडे लागलाय. शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी बॉयलर बंद असताना, सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्यांमध्ये अंतर राखणारा स्टेनलेसचा स्पेसर हातोडा बसताच कडकन तुटला. जाडी भरपूर, गंज नाही. मुलगा म्हणतो, हे का होतं तेच शिकायचंय. एनडीटी, म्हणजे वस्तू न तोडता तपासणी, त्यातला लेव्हल टूचा कोर्स करू द्यावा की मेटलर्जीच्या (धातुशास्त्राच्या) डिग्रीला घालावं?

डिग्रीला घाला. एनडीटी भेग दाखवते, जाडी मोजते. ठिसूळ झालेल्या धातूत तुटेपर्यंत भेगच नसते, मग भेगेत रंग मुरवून ती दाखवणारी पेनिट्रंट टेस्ट काय पकडणार?

स्पेसर ३१० ग्रेडच्या स्टेनलेसचा असेल, तर संशय सिग्मा फेजवर. या ग्रेडमध्ये सुमारे २५ टक्के क्रोमियम असतं. नळीला आतली वाफ थंड ठेवते, स्पेसरला ती सोय नाही. ६०० ते ९०० अंशांत वर्षानुवर्षं तापला की धातूच्या कणांच्या सीमेवर लोह-क्रोमियमचं कडक, ठिसूळ संयुग, म्हणजेच सिग्मा, साठतं. गरम असताना स्पेसर निभावून नेतो. थंड झाला की एका ठोक्यात जातो. म्हणून अशी तुटातुट शटडाउनमध्येच जास्त दिसते. सुमारे १०५० अंशांवर तापवून झटकन थंड केल्यास सिग्मा विरघळतो, पण साइटवर ते कोण करणार? बदलणंच सोयीचं.

फेरिटिक आणि डुप्लेक्स या स्टेनलेसच्या दुसऱ्या जातींचं दुखणं वेगळं. ते ४७५ अंशांच्या आसपास ठिसूळ होतात आणि बदल इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपलाही दिसत नाही. कडकपणा वाढलेला आणि चार्पी टेस्टमध्ये (खाच पाडलेला नमुना एका ठोक्यात तोडायची चाचणी) शोषलेली ऊर्जा घसरलेली, यावरूनच कळतं.

तोवर मुलाला एक सवय लावा. असा तुकडा साहेबांच्या परवानगीने ठेवायचा, तुटलेली बाजू घासायची नाही, तेल लावायचं नाही. सोबत चिठ्ठी: ग्रेड, जागा, चाललेले तास. लॅबला तुकड्याइतकीच ती चिठ्ठी लागते, आणि बहुतेक वेळा नेमकी तीच नसते.

डिग्रीचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर, थेट दुसऱ्या वर्षाला, राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून. मेकॅनिकलवाल्याला मेटलर्जी घेता येते. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत ही शाखा आहे. जागा मोजक्या, म्हणून पर्यायात मेकॅनिकलही भरा. मेकॅनिकल मिळालं तरी पुढे गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेत मेटलर्जीचा पेपर देता येतो. लेव्हल टूचा कोर्स काय, तो नंतर सुट्टीतही उरकेल.