भूत नव्हते, हे कळल्यावरही

वाचकांचे प्रश्न

जुन्या हिंदी चित्रपटांवर आलेल्या पत्रांपैकी ‘महल’विषयीची तीन पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरांत चित्रपटाचा शेवट उघड केलेला आहे, हे ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : यंदा चवथीला मूळ घरी सारे कुटुंब जमले असता, आरत्या आटोपल्यावर राजांगणाच्या कडेला बसून आम्ही १९४९चा ‘महल’ पाहिला. कामिनी हे भूत नसून माळ्याची मुलगी आहे असे शेवटी कळले, तेव्हा माझा पुतण्या ‘म्हणजे फसवलेच की आम्हाला’ म्हणत उठून गेला. माझी आई मात्र डोळे पुसत होती, आणि तिने तर हा चित्रपट कितीदा तरी पाहिलेला आहे. रहस्य ठाऊक असलेला चित्रपट माणसाला पुनःपुन्हा का पाहावासा वाटतो?
— एक वाचक, शिरोडा

उत्तर : आपला पुतण्या चुकला असे म्हणवत नाही, कारण भयकथा म्हणून पाहिले तर ‘महल’ आपला शब्द खरोखरच मोडतो. परंतु तो मुळात भयकथा आहे का, हा प्रश्न आहे. नव्याने विकत घेतलेल्या वाड्यात नायक हरिशंकर पाऊल टाकतो, भिंतीवरच्या जुन्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि त्या क्षणापासून त्याला फसवण्याचे काम दुसऱ्या कोणाला फारसे करावेच लागत नाही. माळ्याची मुलगी आशा कामिनी बनून गाते आणि झोपाळ्यावर बसते. उरलेले सारे तो स्वतः रचतो. म्हणून शेवटी जे उघडे पडते ते आशाचे सोंग असते, त्याची ओढ नव्हे. खरे कळल्यावर, फाशीच्या शिक्षेतून सुटल्यावरही, तो जगू शकत नाही. वाड्यातले भूत नाहीसे होते आणि त्याच्यातले राहते. आपल्या आईंचे डोळे पाणावतात ते इथे, असा माझा तर्क आहे.

आता ही बाई पडद्यावर दिसते कशी, त्याविषयी. आपल्याकडे वेताळाला वहाणा वाहतात, तो रात्री गावाची शीव फिरतो आणि म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. झिजलेला तळवा पाहणाऱ्याला वेताळ दिसावा लागत नाही. ‘महल’ची भाषा हीच आहे : आवाज आधी येतो, बाई नंतर दिसते, आणि हरिशंकर जवळ जाईपर्यंत ती तिथे नसते. जोसेफ वर्शिंग हे म्युनिकहून बॉम्बे टॉकीजमध्ये आलेले छायालेखक. त्यांनी दिव्याच्या उजेडापेक्षा त्याच्या कडेचा काळोख अधिक जपला आहे, आणि सोळा वर्षांच्या मधुबालेचा चेहरा त्या काळोखातून इतका हिशेबाने बाहेर काढला आहे की तिला पाहणे हीच एक घटना होते. दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोही यांचा हा पहिला चित्रपट आहे, हे पाहताना खरे वाटत नाही.

मला स्वतःला मात्र या चित्रपटातले खरे भूत रंजना वाटते. हरिशंकरने लग्न करून आणलेली ही बायको त्याच्याच घरात राहते, बोलते, वाट पाहते, आणि त्याला ती दिसत नाही. नसलेल्या बाईसाठी असलेली बाई अदृश्य व्हावी, याहून भीतिदायक ते काय? ती विष घेते आणि मरता मरता नवऱ्यावर आळ घालते, तेव्हा प्रेक्षक तिला दोष देऊ धजत नाही. तरुणपणी आपण कामिनीसाठी हा चित्रपट पाहतो आणि वय झाल्यावर रंजनासाठी पाहू लागतो, असे मी आमच्या घरातही पाहिले आहे.

प्रश्न : ‘आयेगा आनेवाला’ची जी तबकडी पहिल्यांदा निघाली तिच्यावर लतादीदींचे नाव नव्हते, असे ऐकतो. हे खरे काय?
— एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : खरे आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे तबकडीवर गायिका म्हणून पात्राचे नाव, म्हणजे ‘कामिनी’, छापले होते. रेडिओवर गाणे लागू लागले तशी गायिकेचे नाव विचारणारी पत्रे येऊ लागली, आणि मग ते जाहीर करावे लागले. मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे, म्हणून हा प्रश्न आपल्या भागातून यावा हे स्वाभाविकच. पण त्यात एक गंमत अशी की पडद्यावरच्या कामिनीसारखीच ही आवाजाची कामिनीदेखील काही काळ बिननावाची वावरली. संगीतकार खेमचंद प्रकाश यांना गाण्याची सुरुवात दुरून जवळ येणाऱ्या आवाजात हवी होती, म्हणून लताबाईंना मायक्रोफोनपासून लांब उभे करून गात गात पुढे यायला लावले होते. शांतपणे ऐकाल तर ती पावले ऐकू येतात.

प्रश्न : ‘महल’ चांगला की ‘मधुमती’?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : हे म्हणजे आंब्यांत मानकुराद की मुसराद, असे विचारण्यासारखे झाले. तरी एक सांगतो. ‘महल’चे संकलन बिमल रॉय यांचे, आणि नऊ वर्षांनी, १९५८ साली, ‘मधुमती’ दिग्दर्शित केला तोही त्यांनीच. ‘महल’मध्ये जिला भूत समजतो ती माणूस निघते, ‘मधुमती’मध्ये भुताचे सोंग घेऊन आलेली बाई समजतो ती खरोखरीच मेलेली मधुमती असते, आणि सोंग घेणारी माधवी दारात उशिरा पोहोचते. जणू संकलनाच्या टेबलावर हाती राहिलेला धागा त्यांनी उलटा विणला. ‘मधुमती’ला नऊ फिल्मफेअर पारितोषिके मिळाली, सलील चौधरींची गाणी अवीट आहेत, आणि पुनर्जन्मामुळे प्रेक्षक समाधानाने घरी जातो. ‘महल’ असे समाधान देत नाही. माझे मत ‘महल’च्या बाजूने पडते ते याच कारणाने.

आपण पुढे विचारले आहे की बारावीतली नात तो पाहील का. मधला, रंजनाला घेऊन दूर गेल्याचा भाग संथ आहे. तो पुढे ढकलू नका, नाहीतर रंजनाच हातची जाईल. रात्री, दिवे मालवून पाहा, आणि हा अंक तोवर तिच्या हाती लागू देऊ नका.