मोज्याची टाच आणि धाग्यातला पीळ

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी पायमोजे विणायच्या आणि लोकर कातायला शिकायच्या माझ्या नादाबद्दल लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की दोन दिवस सुया बाजूला ठेवून मी नुसती वाचतच बसले. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून ज्यांचे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलेत अशी पाच पत्रं निवडलीत.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, वय ६१. स्वेटर, टोपडी, कुंच्या आजवर ढीगभर विणल्या पण पायमोजे कधीच नाही. त्या पाच सुया एकदम बघितल्या की हातच चालत नाही. आणि सरळ नळी विणता विणता मधेच टाचेचं वळण कसं काय येतं, ते मला अजून कळलेलं नाही.

काकू, तुम्ही स्वेटरचा गळा चार सुयांवर गोल विणला असेलच ना, मग मोजा तुम्हाला आलाच म्हणून समजा. सुया पाच दिसल्या तरी एका वेळी काम दोनच करतात, बाकीच्या नुसत्या टाके सांभाळून बसलेल्या असतात. पहिले चारपाच फेर हातात काटेरी झुडूप धरल्यासारखं वाटतं, तेवढे दात-ओठ खाऊन काढा, इंचभर विणून झालं की ते आपोआप हातात बसतं.

साधारण बायकांच्या पायाला अडीच मिलिमीटरची सुई आणि सॉक यार्न म्हणून मिळणारी बारीक लोकर घ्या, १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास असते, एका जोडीला पुरते. ६४ टाके घाला, चार सुयांवर सोळा सोळा, पाचवी विणायला. वरची दीडेक इंच पट्टी दोन सुलट दोन उलट, मग पोटरीपासून खाली सगळं सुलट.

आता टाच, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण मला विणकामातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. ६४ पैकी अर्धे म्हणजे ३२ टाके एका सुईवर घ्यायचे, बाकीचे ३२ पायाच्या वरच्या बाजूचे, ते तसेच थांबतील. या ३२ टाक्यांवर सपाट ३२ रांगा विणायच्या, सुलट बाजूने एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा, असं शेवटपर्यंत, आणि उलट बाजूने फक्त पहिला उचलून बाकी सगळे उलट. त्या उचललेल्या टाक्यांमुळे मागून धागा आडवा जातो आणि टाच दुप्पट जाड होते. ही झाली चौकोनी पट्टी. आता वळण. १८ टाके सुलट विणा, पुढचे दोन एकत्र विणा, अजून एक विणा, आणि थांबा. सुईवर अजून ११ टाके शिल्लक आहेत, त्यांना हात न लावता काम उलटवा. पहिला उचला, ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, परत वळा. या बाजूलाही आता ११ शिल्लक. पुढे दर रांगेला मधला एक टाका वाढवत जायचं, म्हणजे पहिला उचलून ६, मग ७, मग ८, आणि जिथे मागच्या वेळी वळलात तिथे एक फट दिसेल, त्या फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणायचा, पुढे एक विणायचा, वळायचं. शेवटच्या दोन रांगांना तो जास्तीचा एक टाका उरत नाही, घाबरू नका. सगळे संपले की सुईवर १८ राहतात आणि तुमच्या हातात चक्क वाटी तयार झालेली असते. रांग अर्धी सोडून परत फिरणं हे आपल्याला आयुष्यभर चूक म्हणून शिकवलेलं असतं, आणि इथे तीच टाच आहे. मला पहिल्यांदा ती वाटी झाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी घरातल्यांना उठवून दाखवली.

मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून सोळा सोळा टाके उचला, वरच्या बाजूचे थांबलेले ३२ धरून एकूण ८२ होतात, एक फेर सोडून एक फेर दोन्ही बाजूला एकेक कमी करत परत ६४ वर या. पुढे पाऊल सरळ, बोटांच्या टोकापासून दोन इंच अलीकडे कमी करायला सुरुवात. टोकाला जो सुईदोऱ्याने बिनशिवणीचा जोड घालतात त्याला किचनर स्टिच म्हणतात, आपल्याकडे १९०२ ते १९०९ सरसेनापती असलेल्या त्याच लॉर्ड किचनरचं नाव. तो जोड इथे लिहून कळणार नाही, व्हिडिओ बघूनच करा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक पितळी टकळी सापडली, त्यांच्या शाळेत म्हणे सूतकताईचा तास असायचा. मी मेरिनो लोकर ऑनलाइन मागवली आणि तिच्यावर कातायला बसलो पण दर दोन हातांवर धागा तुटतो. काय चुकतंय? (पुणे, वय २८)

अरे, तुझा हात बरोबर आहे आणि टकळीही चांगलीच असणार, फक्त जोडी जमलेली नाही. ती पितळी टकळी कापसासाठी आहे. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांब, त्याला धरून ठेवायला पीळ खूप लागतो आणि पटापट लागतो, म्हणून टकळी एवढीशी, हलकी, भिंगरीसारखी फिरणारी, आणि तिचं टोक वाटीत किंवा जमिनीवर टेकवून कातायचं. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब, त्याला हवेत लटकून सावकाश फिरणारी तीसेक ग्रॅम वजनाची चाती सोयीची पडते. ती घरी करता येते. जुन्या दोन सीडी एकावर एक, मधल्या भोकात रबरी वॉशर घट्ट बसवून फूटभर लाकडी काडी आरपार, काडीच्या वरच्या टोकाला पडद्याचा स्क्रूवाला हूक. माझी पहिली अशीच होती आणि अजून वापरते.

आणि सुरुवातीला एकाच वेळी फिरवणं आणि तंतू ओढणं दोन्ही करू नकोस, त्यातच सगळ्यांचा धागा तुटतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चाती फिरव, पीळ साठू दे, आणि मग ती दोन गुडघ्यांत धरून थांबव. आता डाव्या हाताच्या चिमटीत पीळ अडवून उजव्या हाताने लोकर हळू मागे ओढ, पातळ जाळीसारखी झाली की चिमूट सोड, पीळ त्या जाळीत वर चढताना तुला डोळ्यांनी दिसेल. आत्ता जो नुसता पुंजका होता तो बघता बघता धागा होतो, हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलंय आणि अजून माझा श्वास तिथे थांबतो. धागा सुटून विरला तर पीळ कमी आहे, गाठी गाठी होऊन स्वतःवरच वळायला लागला तर जास्त. दोन्ही हात एकमेकांपासून तंतूच्या लांबीपेक्षा थोडे लांबच ठेव, जवळ आणलेस तर तू एकाच तंतूची दोन टोकं ओढत बसशील आणि लोकर हलणार नाही.

आजोबांची टकळी मात्र माळ्यावर टाकू नकोस. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली, तिच्यात हाताने शिकायच्या उद्योगांमध्ये कताई मुख्य होती, आणि चरखा प्रत्येक पोराला कुठून देणार, टकळी देता येते. खादीवाल्यांकडून पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, आण आणि तिच्यावर कापूसच कात. पुढेमागे पेटी चरखा घ्यायचा झाला तर त्याचं नाव तुझ्याच शहराचं आहे, गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना ज्याच्यावर काम केलं तो येरवडा चरखा.

प्रश्न : आमच्या आटपाडी भागात मेंढरांची लोकर आता कुणी घेत नाही, कातरून टाकून देतात. तिचे मोजे होतील का?

तुमचं पत्र वाचून जीव तुटला, कारण ती दख्खनी मेंढीची लोकर आहे, जिच्यावर पिढ्यान् पिढ्या घोंगड्या झाल्या. धनगर मेंढरांमागे चालता चालता हातात टकळी फिरवत कातायचे, सनगर मागावर विणायचे, वर चिंचोक्याची खळ. पावसात भिजली तरी आतला माणूस उबदार राहतो अशी ती गोष्ट.

पण प्रामाणिकपणे सांगते, कातडीला लागून घालायचे मोजे तिचे होणार नाहीत, फार टोचतात, तंतू जाड आणि मधे केस पण असतात. मी करून पाहिलंय, दहा मिनिटांत काढावे लागले. त्याच लोकरीचे जरा सैल, जाड, घरात सुती मोज्यावरून घालायचे चप्पल-मोजे मात्र फार सुंदर होतात, आणि झिजायचं नाव घेत नाहीत. लोकर घेताना मेंढरं धुऊन मग कातरलेली मिळाली तर बघा. घरी धुताना गरम पाण्यात साबण घालून नुसती बुडवून ठेवा, चोळू अजिबात नका, आणि गरमातून एकदम गार पाण्यात टाकू नका, नाहीतर तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो आणि मग कातायला काही उरत नाही. पाच सहा महिन्यांच्या कोकराची पहिली कातरण त्यातल्या त्यात मऊ असते, मिळाली तर ती वेगळी ठेवा. नैसर्गिक काळा रंग आहे, रंगवायचं कामच नाही. आणि तुमच्या भागात अजून कातणाऱ्या म्हाताऱ्या असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा, माझ्या पत्रापेक्षा त्यांचा हात बघणं कितीतरी मोलाचं.

प्रश्न : मुंबईत राहून लोकरीचे मोजे विणायचे कुणासाठी?

हिमाचलमध्ये लाहौलला बायका जे रंगीत नक्षीचे मोजे विणतात त्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथे बर्फ असतो, ते समजतं. मुंबईत तुम्ही सुती-नायलॉन मिक्स धागा घ्या, सुती धागा ताणला की लोकरीसारखा परत आक्रसत नाही, सैल पडतो, म्हणून चार टाके कमी घाला आणि वरची पट्टी जरा लांब करा. माझ्या आईचे पाय एसीत गार पडतात, तिला असेच करून दिलेत. अंगठा वेगळा असलेले विणा, चपलेत जातात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेला लाल लोकरीचा एक जोड आहे, तिसऱ्या ते पाचव्या शतकाच्या सुमाराचा, त्यालाही अंगठा वेगळाच आहे, तेही चपलेसाठीच.

प्रश्न : ताई, मी कॅनडात एडमंटनला असते. सहा महिने कातायला शिकले, स्वतःच्या धाग्याचे नवऱ्याला मोजे विणले आणि तीन आठवड्यांत टाचेला भोक. रडू आलं. परत करू का विकतचाच धागा घेऊ?

परत कर गं, नक्की कर. माझ्या पहिल्या हातकताईच्या जोडीचंही हेच झालं होतं, आणि तेव्हा मी लोकरीला दोष दिला, दोष पिळाचा होता. शिकताना आपल्याला मऊ धागा आवडतो, हाताला छान लागतो, म्हणून आपण पीळ कमी देतो. स्कार्फला तो चालतो, टाचेला नाही, टाच दिवसभर बुटात घासते आणि सैल धाग्यातले तंतू एकेक करून निसटतात. आपल्याकडे म्हणतात ना, सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही, मोज्याला तसा पीळ हवा.

कातताना मधेच ताजा धागा हातभर ओढून सैल सोड, तो स्वतःभोवती गुंडाळला जाईल, आणि तो जसा दिसेल तसाच तुझा दोन पदरी धागा होणार आहे. तो ढिला, लांब लांब वळशांचा दिसला तर अजून पीळ दे. मोज्यासाठी तर तीन पदरी कर, तीन पदर एकमेकांना गोल बसतात, घासायला कडा राहत नाही. कातलंस त्याच्या उलट दिशेने पदर वळायचे, आणि तेही जरा घट्टच. मग लडी करून कोमट पाण्यात भिजव आणि नुसती टांगून वाळव. हिशेब मोठा आहे हे आधीच सांगते, जोडीला ३५० मीटर धरला तर तीन पदरांचे मिळून हजार मीटरच्या वर कातावं लागतं, खादीत एक गुंडी म्हणजे १००० मीटर, म्हणजे गुंडीभर सूत आणि वर थोडं. मला एका जोडीला दोन महिने लागतात.

लोकर निवडताना नुसती मेरिनो नको, एखादी जरा भरड मिसळ, किंवा टाचेपुरता बारीक नायलॉनचा दोरा सोबत धरून विण. विकतच्या सॉक यार्नमध्ये बऱ्याचदा पाव हिस्सा नायलॉन असतं ते उगाच नाही. आणि सुई एक नंबर बारीक घे.

आता त्या भोकाचं. मोजा टाकू नकोस. उलटी वाटी आत घाल, भोक वाटीच्या बुडावर येईल असं, भोकाच्या चारी बाजूंनी चांगला अर्धा इंच, जिथे विण अजून शाबूत आहे तिथून सुरुवात कर. त्याच लोकरीचा उरलेला धागा जाड सुईत ओवून आधी सगळे उभे धागे घाल, जवळ जवळ, ओढू नकोस नाहीतर चुणी पडते आणि बुटात टोचते. मग आडवे, एक वर एक खाली, दर ओळीला सुईच्या टोकाने मागच्या ओळीला चिकटवत. शेवटी गाठ मारू नकोस, टोक आतल्या बाजूने चार टाक्यांत घालून कापून टाक.