डायव्हिंग करणाऱ्या मुलाचं मनगट सतत दुखतंय. कोच म्हणतात सवय होईल. खरंच होते का?

तळव्याची आग होते, तिची सवय होते. मनगटाच्या दुखण्याची होत नाही. मी डॉक्टर नाही, पण नऊ वर्षं स्पर्धांमध्ये सूर मारले आणि त्यातली निम्मी मनगटाला टेप गुंडाळून.

बघणाऱ्यांना वाटतं, आम्ही बोटं जुळवून सुरीसारखे पाण्यात शिरतो. प्रत्यक्षात एका हाताने दुसरा पकडायचा, मनगट मागे वाकवायचं आणि सपाट तळवा पाण्यावर हाणायचा. त्याने पाण्यात पोकळी होते, मागचं अंग तिच्यातून आत जातं आणि शिंतोडे उडत नाहीत. कापड टर्रकन फाटल्यासारखा आवाज येतो, म्हणून ती रिप एंट्री. परीक्षक खूश, भुर्दंड मनगटाला.

तुमचा मुलगा 13 वर्षांचा आहे आणि नुकताच 5 मीटरवरून 10 वर गेलाय, म्हणता. 5 मीटरवरून पाण्यापाशी वेग ताशी साधारण 36 किलोमीटर असतो, 10 वरून 50. फरक बेताचा वाटतो, पण आदळण्याची ऊर्जा दुप्पट झालेली असते. आधीच मागे वाकलेलं मनगट आणखी रेटलं जातं, मागच्या बाजूची हाडं एकमेकांवर चेपतात आणि सांध्याचं आवरण मध्ये चिमटतं. (27 मीटरवरचे हाय डायव्हर पायांवर उतरतात, ते उगीच नाही.)

आता त्याला एका बोटाने दाखवायला सांगा, नेमकं कुठे दुखतं. मागे मधोमध दुखत असेल तर बहुधा हे चिमटणंच. कधी तिथे गँगलियनची (आत घट्ट द्रव असलेली) गाठही येते. करंगळीच्या बाजूला, दाराची मूठ फिरवताना कळ येत असेल तर तिथली कूर्चा दुखावलेली असू शकते.

आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर सराव त्याच दिवशी बंद. तिथे स्केफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याला रक्त मुख्यतः बोटांच्या बाजूने मिळतं, त्यामुळे मोडलं की दुसरं टोक जुळायला फार वेळ घेतं, कधी जुळतच नाही. पहिल्या एक्स-रेत ते मोडलेलं दिसेलच असं नाही. माझ्या दिसलं नव्हतं. ‘काही नाही’ म्हणून मी तीन आठवडे टेप लावून उड्या मारल्या, मग एमआरआयमध्ये भेग सापडली आणि अख्खा हंगाम प्लास्टरमध्ये गेला.

या वयात आणखी एक गोष्ट असते: मनगटापाशी हाडाची वाढ चालू असते. त्या वाढत्या थरावर सतत दाब आला की तोही दुखावतो. जिम्नॅस्ट मुलांमध्ये हे बरंच दिसतं. तुमचा मुलगा हँडस्टँडवरून सूर मारत असेल तर तो भारही धरा.

टेपला माझा विरोध नाही. मनगट फार मागे जाऊ नये म्हणून ती चांगलीच. पण निदानाआधी लावली तर दुखणं फक्त झाकलं जातं.

कोचशी भांडू नका. डोकं खाली ठेवून मारायचे सूर काही आठवडे बंद ठेवता येतील का, एवढं विचारा; पायांवरच्या उड्या, ट्रॅम्पोलिनवरचा सराव चालू राहतो. शिवाय पाण्यात शिरतानाचा त्याचा व्हिडिओ मागा. हात उशिरा जुळत असतील किंवा कोपर वाकत असेल तर धक्का वाकडा बसतो, आणि तेवढं सुधारणं कोचच्याच हातात आहे. खेळाडूंना तपासणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात न्या, आणि तो व्हिडिओ त्यांनाही दाखवा.