नातेसंबंध शिक्षणाला अनुदान: पैसा कोणत्या नावाखाली ठेवलेला असतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोवंडीतला चार वर्षांचा ट्रस्ट आहे, १३ ते १८ वयाच्या मुलामुलींसोबत मैत्री, संमती, नकार पचवणं, ब्रेकअप यांवर सत्रं घेता, आणि अनुदानासाठी बारा कंपन्यांना मेल पाठवूनही एकीचं उत्तर नाही.

‘नातेसंबंध शिक्षण’ या नावानं पैसा कुठल्याच कंपनीत ठेवलेला नसतो. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट ७ मध्ये जे विषय आहेत, त्यांवरच सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायचा सामाजिक खर्च, होतो. तुमचं काम त्यातल्या शिक्षण, प्रतिबंधात्मक आरोग्य आणि स्त्री-पुरुष समानता या तिन्हींत बसतं. तरी पहिल्या पानावर एकच निवडा. तिन्ही लिहिले की प्रस्ताव नेमका कोणाच्या टेबलावर पाठवायचा, हेच कंपनीत कळत नाही. सोबत एक वाक्य घाला: आयुष्मान भारतअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या ११ विषयांत ‘परस्पर नातेसंबंध’ हा स्वतंत्र विषय आहे. सरकारनंच मान्य केलेला विषय म्हटला की कंपनीची धास्ती बरीच उतरते.

मात्र नाव सौम्य करून आशय दडवू नका. २००७ मध्ये साहित्यावर आक्षेप घेतले गेले आणि राज्यातल्या शाळांत किशोरवयीन शिक्षणावर बंदी आली, हे मुख्याध्यापक विसरलेले नाहीत. ‘जीवनकौशल्य’ म्हणून परवानगी घेतली आणि चौथ्या सत्रात संमतीचा विषय निघाला, तर पहिल्याच पालकाच्या तक्रारीला शाळेचं दार तुम्हाला बंद होतं आणि पाठोपाठ देणगीदारही जातो. सगळ्या सत्रांचा आराखडा शाळा आणि देणगीदार दोघांनाही आधीच द्या. महापालिकेच्या शाळांसाठी पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं आणि खासगी अनुदानित शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांचं परवानगीपत्र प्रस्तावाला जोडा.

कागद: १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंद) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची कंपनी मंत्रालयाकडची) नोंदणी. सारख्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. लहान ट्रस्टचं घोडं बहुतेकदा धर्मादाय आयुक्तांकडे अडतं. विश्वस्त बदलले, पण बदल अर्ज ९० दिवसांत केला नाही, किंवा केला आणि तो मंजूर झालेला नाही. मग धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ (ट्रस्टच्या नोंदीचा उतारा) वरची नावं आणि बँकेतल्या सह्या जुळत नाहीत, आणि कंपनीचा कायदा विभाग फाइल परत पाठवतो. आधी हे तपासा.

कोणाकडे जायचं? मोठ्या कंपन्यांच्या सर्वसाधारण मेलवर नको. ज्यांचं सीएसआर बंधन ५० लाखांच्या आत आहे, त्यांना वेगळी समिती नेमावी लागत नाही, निर्णय थेट संचालक मंडळ घेतं. अंधेरी, तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा कंपन्या भेटतील, आणि त्यांच्यापर्यंतची वाट बहुधा त्यांच्या सीएमार्फत जाते. या कंपन्यांना ऑक्टोबरमध्ये गाठा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना पैसा खर्चायची घाई असते, पण तेव्हा शाळांत परीक्षा असतात. पैसा तुमच्या खात्यात जमा झाला म्हणजे खर्च झाला असंही धरत नाहीत. तो ठरल्या कामावर वापरला गेला, हे कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी मागा. उरलेली रक्कम मग वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते, आणि तुम्हाला जूनपासूनचं शाळेचं वर्ष धरता येतं.

बजेट एका मुलाच्या खर्चावर आणून दाखवा. उदाहरणादाखल १० शाळा, प्रत्येकी ४० मुलांच्या २ तुकड्या, म्हणजे ८०० मुलं; प्रत्येक तुकडीला आठवड्याला एक, अशी १२ सत्रं. आठवड्याला २० सत्रं होतात. एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी दिवसाला दोनच सत्रं नीट घेऊ शकते, म्हणून दोन जोड्या. गणपती, दिवाळी, चाचण्या धरून सहा महिने. ४ प्रशिक्षक × २२,००० × ६ = ५,२८,०००; समन्वयक ३५,००० × ८ = २,८०,०००; समुपदेशक आठवड्याला दोन दिवस, २४ आठवडे, दिवसाला १,५०० नं ७२,०००; प्रवास ६०,०००; साहित्य ४८,०००; मोजमाप ६०,०००. त्यावर १० टक्के कार्यालयीन खर्च धरला की ११,५२,८००, म्हणजे मुलामागे १,४४१ रुपये. समुपदेशकाची ओळ कापायला सांगतील. ती कापू देऊ नका. सत्रांनंतर मुलं बोलायला लागतात, आणि ऐकायला माणूस नसेल तर आपण त्यांना उघडं पाडून निघून जातो.

पोक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) धोरण लेखी हवं. १८ च्या आतल्यांमधला संमतीचा लैंगिक संबंधही या कायद्याच्या कक्षेत येतो आणि कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. कोणती गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही, हे पहिल्याच सत्रात मुलांना सांगायचं, असं धोरणात स्पष्ट लिहा. जाणकार देणगीदार हे पान आधी उघडतात.

‘किती मुलांपर्यंत पोहोचलो’ एवढ्यावर दुसऱ्या वर्षीचा पैसा मिळत नाही. मुंबईतल्या पालिका शाळांत कोरो, टिस आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी केलेल्या ‘जेम्स’ या स्त्री-पुरुष समानतेवरच्या प्रकल्पात मुलांचा दृष्टिकोन कार्यक्रमाआधी आणि नंतर मोजला होता. तसे १५-२० प्रश्न सोप्या मराठी-हिंदीत तयार करा आणि सत्रं न झालेल्या दोन तुकड्यांतही विचारा.

परदेशी निधीमागे आत्ता लागू नका. एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याचा कायदा) नोंदणीला मागच्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था तिच्याकडचा परदेशी पैसा तुम्हाला पुढे देऊ शकत नाही. तिच्याकडे देशी निधी असेल तर उपभागीदार व्हायला हरकत नाही, फक्त समुपदेशक आणि कार्यालयीन खर्चाच्या ओळी करारात आहेत ना, ते सही करण्याआधी पाहा.