डोळ्याचा जन्मदोष आणि पोटाची सोनोग्राफी

प्रश्न : माझी मुलगी चार महिन्यांची आहे. तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली खालच्या बाजूला ओघळल्यासारखी दिसते. नेत्रतज्ज्ञांनी याला कोलोबोमा म्हणतात असे सांगितले आणि हृदयाचा एको, पोटाची सोनोग्राफी व ऐकण्याची चाचणी करून घ्यायला सुचवले. बाळ अंगावर नीट पिते, हसते. दोष डोळ्यात असताना बाकीच्या तपासण्या कशासाठी? गरोदरपणी मी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असे घरी म्हणतात. – एक माता, डिचोली

उत्तर : ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही आणि हा दोष आपण स्वतःकडे मुळीच घेऊ नये. गर्भाच्या डोळ्याला खालच्या बाजूने एक फट असते. ती साधारण सातव्या आठवड्यापर्यंत मिटते आणि पूर्ण मिटली नाही तर कोलोबोमा राहतो. हृदय, कान आणि मूत्रपिंडे यांची घडणही याच सुमारास चालू असते, त्यामुळे डोळ्यात खूण दिसली की या अवयवांकडे पाहणे आवश्यक ठरते. पुष्कळ मुलांत बाकी सारे व्यवस्थित निघते. तरीही आपल्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

तीन तपासण्यांपैकी ऐकण्याची चाचणी आधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. कोलोबोमासोबत हृदयदोष, नाकाचा मागचा मार्ग बंद असणे, खुंटलेली वाढ आणि कानाचे दोष आढळणाऱ्या विकाराला चार्ज सिंड्रोम म्हणतात आणि त्यात बहिरेपणा बराच आढळतो. टाळी वाजवल्यावर बाळ दचकते, एवढ्यावर विसंबून चालत नाही. ऐकण्याच्या या चाचणीत, म्हणजे बेरा चाचणीत, झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवून कानात आवाज सोडतात व मेंदूचा प्रतिसाद नोंदवतात. त्यात दुखत काहीच नाही. ऐकण्यात उणीव निघाली तर बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी उपचार सुरू झालेले बरे, कारण ज्या मुलाची नजर अधू असण्याची शक्यता आहे त्याला कानाचा आधार लवकर मिळायला हवा. घरी आपण एवढे पाहावे : रडताना चेहऱ्याची एक बाजू हलत नाही का, दूध नाकातून येते का, पिताना धाप लागते किंवा ओठ निळसर पडतात का. यातले काही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

सोनोग्राफी मूत्रपिंडांसाठी आहे. कोलोबोमा दृष्टीच्या नसेपर्यंत गेलेला असेल, तर पॅक्स२ या जनुकातील बदलामुळे मूत्रपिंडे लहान राहिलेली असू शकतात आणि वरवर त्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही. म्हणून अशा मुलांची लघवी आणि रक्तदाबही तपासतात. (बुबुळाचा रंगीत पडदाच जवळजवळ नसणे हा वेगळा दोष आहे. त्यातील काही मुलांना मूत्रपिंडाच्या विल्म्स या कर्करोगाच्या गाठीचा धोका असतो आणि जनुकीय चाचणीने तो नाकारता आला नाही, तर साधारण आठव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते.)

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेत्र, बालरोग आणि कान-नाक-घसा हे तिन्ही विभाग आहेत. सर्व कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत आणि नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी प्रत्येक ठिकाणी दाखवावी. आपण दोघांनीही आपले डोळे बाहुली मोठी करून तपासून घ्यावेत. आई किंवा वडिलांत असाच पण सौम्य, कधीच लक्षात न आलेला दोष सापडला, तर पुढच्या अपत्याविषयी जनुकतज्ज्ञांना निश्चित सल्ला देणे सोपे जाते.