कळा, कोमट पाणी आणि एक प्लास्टिकचं स्टूल

आई खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलल्या, "मॅडम, ही म्हणते पाण्यात बाळंत होणार. आता तुम्हीच समजवा."

लेक पहिलटकरीण, सदतिसावा आठवडा, पुण्याहून रजा टाकून माहेरी आलेली. मोबाईलवर तिने व्हिडिओ पाहिले होते. निळा टब, मंद दिवे, पाण्यातून अलगद वर येणारं बाळ. आणि तालुक्याच्या ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं, तिथे लेबर रूमला लागून एक बाथरूम, त्यात एक गिझर, एक बादली. बस.

मी तिला विचारलं, "पाणीच का गं?"

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "वहिनीला बारा तास पलंगावर पाडून ठेवलं होतं. कुशीवर वळली तरी रागावायचे. मला तसं नकोय."

तिला काय हवं होतं ते इथे कळलं. टबाचा विषय त्यानंतर सोपा झाला.

ही शंका माझ्याकडे वरचेवर येते आणि दर वेळी तिच्यात दोन प्रश्न गुंतलेले असतात. कळा सोसताना पाण्याचा आधार घ्यावा का, हा एक. बाळ पाण्यातच जन्माला यावं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ आहे. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात 15 चाचण्यांतल्या साडेतीन हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र तपासली. पहिल्या टप्प्यात, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड उघडत असताना, कोमट पाण्यात बसलेल्यांना एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीत दिलं जाणारं बधिरतेचं औषध) थोडं कमी लागलं आणि बाळाला अपाय वाढल्याचं दिसलं नाही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र तज्ज्ञांचं एकमत नाही. ब्रिटनमध्ये बऱ्याच प्रसूतिगृहांत असे टब असतात आणि त्यासाठी शिकलेल्या मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईणीही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं, की दिवस भरलेल्या, कुठलीही गुंतागुंत नसलेल्या बाईने सुरुवातीच्या कळा पाण्यात काढायला हरकत नाही, पण जन्म बाहेरच व्हावा. गुदमरू लागलेलं बाळ पाण्यातच श्वास ओढू शकतं; घाईने वर उचलताना नाळ तुटू शकते. मला विचाराल तर, जिथे हे शिकलेली माणसं नाहीत तिथे भाड्याचा टब आणून प्रयोग करू नये. हे ऐकून लेकीचा चेहरा पडला. मीही लगेच सावरायला गेले नाही.

थोड्या वेळाने म्हटलं, "बादली आहे ना? मग स्टूल आणि तांब्या न्यायचा."

आता आईंची पाळी. "कळा चालू असताना अंगावर पाणी? थंडी नाही का भरणार?" आणि पुढच्याच वाक्यात, "घ्यायचंच तर चांगलं कढत घेऊ, शेक बसेल."

बाळंतिणीला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं आपल्या हातात इतकं बसलंय, की गरम म्हटलं की वाफाच डोळ्यांसमोर येतात. पण पोटातल्या बाळाला घाम येत नाही. गरोदर बाईचं अंग तापलं की तेही तापतं, त्याचे ठोके वाढतात आणि तिला चक्कर येऊ शकते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत टबातल्या पाण्याची मर्यादा 37.5 अंश सेल्सिअस आहे. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या अंघोळीला लावतो तसं कोपर लावून बघायचं. चटका नको, ऊब हवी.

रीत साधी. भिंतीकडे तोंड करून स्टूलवर बसायचं, पुढे वाकून दुसऱ्या स्टूलवर हात टेकायचे. कळ आली की आईने कंबरेच्या खालच्या भागावर संथ धार सोडायची, कळ ओसरली की थांबायचं. मध्येमध्ये दोन घोट पाणी प्यायचं. एकटीने बाथरूममध्ये जायचं नाही आणि नर्स ठोके बघायला आली की बाहेर यायचं. रक्त जायला लागलं, ताप आला, बीपी वाढलं किंवा हिरवट पाणी गेलं (म्हणजे बाळाने पोटातच शी केली), की अंघोळ बंद. एपिड्युरल घेतलं तरी बंद, कारण पाय बधिर असतात. त्यानंतर गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको; भाजलेलं कळत नाही.

"आमच्या आजी म्हणायच्या," आई मध्येच म्हणाल्या, "गरम पाणी घे, खोट्या कळा असतील तर थांबतील, खऱ्या असतील तर थांबायच्या नाहीत." आजींचं बरोबरच होतं. डॉक्टरही घरी थांबलेल्या बाईला हेच करून बघायला सांगतात. एवढ्यावर आईंचा विरोध निम्मा मावळला.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून दिले: आई आत थांबू शकेल का, बाथरूम वापरता येईल का, चालता-फिरता येईल का. सरकारी दवाखान्यांत सोबतीणीची मुभा 2016 पासून आहे, खासगीत विचारून घ्यावं लागतं. डॉक्टरांनी तिन्हींना होकार दिला. तोंड जरा वाकडं करून, पण दिला.

पुढचं मला सव्वा महिन्यानंतर कळलं. पहाटे भरती झाली तेव्हा पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं. बाथरूमच्या दोन फेऱ्या, अर्ध्या-पाऊण तासाच्या. दुसऱ्या फेरीत गिझर रिकामा झाला, मग मावशींनी स्वयंपाकघरातून पातेलं तापवून आणलं. त्यानंतर पाणमोट फुटली, पाणी हिरवट. नर्सने तिला सरळ पलंगावर घेतलं, पोटाला मॉनिटर लावला. "तेव्हा मी खूप रडले," लेक म्हणाली, "कळांमुळे नाही, पाणी बंद झालं म्हणून." शेवटी बाळाचं डोकं दिसू लागल्यावर डॉक्टरांनी कोमट पाण्यात पिळलेला कपडा खाली धरून ठेवला. त्याने मोठ्या चिरा कमी पडतात. मुलगी झाली, लगेच रडली.

हिरव्या पाण्याचं मी तिला एका ओळीत सांगितलं होतं. आता मी तिथूनच सुरुवात करते: पाणी कधीही थांबवावं लागेल, मग काय करशील?

आईंना विचारलं, तुमचं काय? त्यांनी उजवा खांदा चोळत सांगितलं, "हिच्या कळा त्याच दिवशी थांबल्या. माझा हात अजून वर जात नाही." स्टूल मात्र दवाखान्यातच विसरून आल्या होत्या.